चौथा पाय फुकट

शिरपूरच्या मंदिरातली मूर्ती जमिनीला न टेकता उभी आहे, अशी साऱ्या मुलखाची श्रद्धा आहे. इंद्रभानचा कॅमेरा एवढा पुण्यवान नव्हता. त्याला उभं राहायला पाय लागत होते, आणि नेमके पाय सोडून बाकी सगळं त्याच्यापाशी होतं. सागवानी पेटी होती, कातड्याचा भाता होता, पितळी नळीत बसवलेलं भिंग होतं, भिंगावरची टोपी होती, आणि फोटोवाल्याने डोक्यावरून घ्यायचं काळं फडकंसुद्धा होतं.

हा कॅमेरा त्याला अकोल्याच्या एका फोटोवाल्याने निरोपादाखल दिला होता. इंद्रभानने त्याच्याकडे दोन वर्षं काम केलं. पहिलं वर्ष झाडू मारण्यात गेलं, आणि दुसरं गिऱ्हाइकाच्या पाठीमागे रंगवलेला राजवाडा धरून उभं राहण्यात. त्या राजवाड्याच्या एका खिडकीला भोक पडलेलं होतं. तेवढ्या भोकातून इंद्रभान सगळी विद्या शिकला. मग लढाई पेटली, विलायतेहून येणाऱ्या काचेच्या प्लेटा येईनाशा झाल्या आणि दुकानाला कुलूप लागलं.

"आणि स्टँड?" निघताना इंद्रभानने विचारलं होतं.

"कॅमेरा दिला ना बेटा," मालक म्हणाला. "आता माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं."

एवढा उपदेश करून त्याने स्टँड घरात नेला आणि त्यावर पोपटाचा पिंजरा टांगला.

अशा रीतीने इंद्रभान किन्हीराजात परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक बिनपायाचा कॅमेरा, तीन प्लेटा आणि नऊ रुपये होते. शिरपूरला जाऊन यात्रेकरूंचे फोटो काढायचे असा त्याचा बेत होता. त्याची बायको रुख्मिणी हा बेत शांतपणे ऐकून घेत भाकरी थापत होती.

"म्हंजे कसं जी," ती म्हणाली, "यात्रेकरूनं आपला कॅमेरा आपनच धरून उभं राह्याचं का?"

"स्टँड घेतो ना मी."

"घ्या घ्या. नऊ रुपयात त बैल बी येते म्हनतात. शेपटापुरता."

इंद्रभानने ताट पुढे ओढलं. नऊ रुपयांत मजबूत स्टँड मिळतो की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीवर बायकोशी वाद घालायचा नसतो एवढं तो अकोल्याला न जाताही शिकला होता.

पौष महिन्यातल्या एका सकाळी तांड्यावरची धनीबाई त्याच्या दारात आली. तिच्या हातात एक पत्र होतं. तिचा मुलगा प्रेमसिंग लढाईवर होता, खच्चरांच्या पलटणीत. तो गेला तेव्हा सून बेबीबाई गरोदर होती; आता पोर चार महिन्यांचं झालं होतं आणि बापाने ते पाहिलं नव्हतं. पत्र तिने आधीच तिघांकडून वाचून घेतलं होतं. सगळे एकच वाचतात का ते तिला पाहायचं होतं. इंद्रभान चौथा.

त्याने वाचलं: "होळी झाली की आम्हाला बोटीवर चढवणार म्हणतात. पुढचा पत्ता साहेबालाही माहीत नाही. त्याच्या आत पोराचा फोटो पाठवा. तोंड पाहून जातो."

"बाकीच्याह्यनं बी हेच वाचलं," धनीबाई म्हणाली. "मंग खरंच असंन. वाशीमच्या फोटोवाल्याकडं जाऊन आली मी. त्याच्यापाशी काचा नाहीत म्हने. तुह्यापाशी हायेत?"

"तीन हायेत, काकी."

"मले एकच लागते."

प्रेमसिंग आणि इंद्रभान तिसरीपर्यंत एका पाटीवर शिकले होते. पाटी प्रेमसिंगची असे आणि उत्तरं इंद्रभानची. छडी मात्र प्रेमसिंग दोघांच्या वाटची खात असे, कारण त्याचा हात जाड आहे असं दोघांनी मिळून ठरवलं होतं.

"काढतो," इंद्रभान म्हणाला. "माघ संपाच्या आत टपालात टाकू. फक्त स्टँड येऊ दे."

"हे स्टँड कोन? परगावचे हायेत का?" धनीबाईने विचारलं.

मग त्याने तिला सगळं समजावून सांगितलं. त्या भिंगाला खटका नव्हता. फोटो काढायचा म्हणजे टोपी काढायची, सावकाश तीनपर्यंत मोजायचं आणि टोपी परत लावायची. तेवढ्या वेळात कॅमेरा तिळाएवढा जरी हलला तरी माणसाच्या जागी धूर उमटतो. म्हणून कॅमेऱ्याखाली काहीतरी घट्ट, न हलणारं पाहिजे.

"एवढंच?" धनीबाई म्हणाली. "गावात न हालनारे लय हायेत." आणि ती कामावर गेली.

इंद्रभानने पहिल्यांदा अकोल्याहून आणलेलं मुंबईच्या कंपनीचं सूचीपत्र उघडलं. त्यात स्टँडांना अख्खी दोन पानं दिलेली होती. पहिला अडतीस रुपयांचा, राजेरजवाड्यांसाठी. दुसरा बावीसचा, प्रवासी सद्गृहस्थांसाठी. तिसरा चौदाचा, आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘अगदी गरिबांनाही परवडेल असा’. चौदा रुपये परवडणारे ते अगदी गरीब कुठे राहतात, याचा पत्ता मात्र सूचीपत्रात नव्हता. शिवाय दोन्ही पानांवर आडवा जांभळा शिक्का मारलेला होता: लढाईमुळे माल शिल्लक नाही. म्हणजे राजेरजवाडे आणि इंद्रभान या बाबतीत तरी एका पायरीवर आले होते.

मग तो वाशीमच्या बाजारात गेला. तिथे कंदील, सायकलची चाकं आणि ग्रामोफोनच्या सुया विकणाऱ्या एका दुकानात पितळेचा स्टँड होता, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा. किंमत आठ रुपये.

"साहेबाचा आहे," दुकानदार म्हणाला. "असली विलायती."

"मंग साहेबानं विकला कायले?"

"साहेब लढाईवर गेले."

इंद्रभानने तिन्ही पाय फाकवून स्टँड उभा केला. उन्हात तो असा झळकला की रस्त्यावरचे दोघेतिघे थांबून पाहू लागले. मग इंद्रभानने आपली पिशवी त्याला टांगली. पिशवीत दोन भाकरी, कांदा आणि पाण्याचा तांब्या, एवढंच वजन. स्टँडचा पुढचा पाय हळूच आपल्याच पोटात शिरला, मग दुसरा, आणि तो विलायती स्टँड भर बाजारात इंद्रभानपुढे वाकून उभा राहिला.

दुकानदाराच्या कपाळाला आठी पडली. "वजन कशाला ठेवता हो त्याच्यावर?"

इंद्रभानने भाकरी बाजारातच खाल्ली आणि पायी परत आला. नऊचे नऊ रुपये शाबूत होते, पण पौष संपत आला होता.

आता या गोष्टीत उकंडराव पाटील येतात. ते आधीच यायचे होते, कारण गावात असं कुठलंच काम नव्हतं जे त्यांच्या सल्ल्यावाचून बिघडत होतं. पाटलांना सगळ्यातलं सगळं कळत असे. ते अकोल्याला दोनदा जाऊन आले होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी तिथून तांबड्या कातड्याचे, नाडीचे बूट आणले. गावातले रस्ते त्या बुटांच्या योग्यतेचे नसल्यामुळे पाटील ते घरात, गादीवर बसून घालत. ते गावाला दिसावेत कसे हाच एक प्रश्न उरला होता, आणि तेवढ्यात इंद्रभान कॅमेरा घेऊन आला.

"स्टँड-फँड सोड," पाटील म्हणाले. "बंडीवर ठेव तुही पेटी. मायी बंडी कापसाचं अख्खं गाठोडं वाह्यते. तुही पेटी नाही पेलनार? सोडवलीच म्हून समज मी."

"पन पाटील, बंडीले दोनच चाकं."

"मंग? दोन चाकं हाय तर चालते ना. आनं हे पाह्य, पहिला फोटो त्या धनीच्या नातवाचा काढ. बिघडला तर बिघडू दे."

इंद्रभान कॅमेरा आणायला घरी गेला. बैल सोडलेली बंडी पाटलांच्या दारात उभी केली. जू एका ओंडक्यावर टेकवलं, मागे दगड लावले आणि वर कॅमेरा मांडला. समोर बेबीबाई पोराला घेऊन बसली. इंद्रभानने टोपी काढली आणि "एक" म्हणाला. दोन म्हणायच्या वेळी, फोटो कसा निघतो हे जवळून पाहावं म्हणून पाटलांनी नवा बूट चाकाच्या आरीवर ठेवून अंग वर उचललं. बंडी गाईसारखी एका कुशीवर कलली आणि परत सरळ झाली.

कोठीच्या दाराला गोधड्या लावून इंद्रभानने ती प्लेट धुतली. बेबीबाईला दोन नाकं आली होती आणि पोराला तीन डोकी. धनीबाईने ती काच उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"एकच झालं होतं जी," ती म्हणाली.

दोन प्लेटा उरल्या. इंद्रभान सरळ पुंजाजी सुताराकडे गेला. आधीच जायला हवं होतं, असं रुख्मिणी म्हणाली. पण ती हे कुठल्याही गोष्टीनंतर म्हणत असे. पुंजाजी नांगर, वखर, तिफण करायचा आणि त्याबद्दल त्याला खळ्यावरचं बलुतं मिळायचं. कॅमेरा बलुत्यात बसत नाही, हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

"रोकडीचं काम हाय भाऊ हे. साग लावला त नऊ. बाभूय लावली त आठ."

इंद्रभानने कोळशाने जमिनीवर चित्र काढून दाखवलं: वर फळी, खाली तीन पाय. तेवढ्यात उकंडराव पाटील आले. घासाघीस चालली आहे हे त्यांना घरबसल्या कळत असे. त्यांनी पुंजाजीला आठावरून सातावर आणलं, आणि मग चित्राकडे पाहून त्यांची मुद्रा गंभीर झाली.

"तीनच पाय?"

"तीनच राह्यतात, पाटील. अकोल्याले तीनच होते."

"अकोलेवाला लबाड हाय तुहा. एक पाय खाल्ला त्यानं. अरे, खाटेले चार, बाजेले चार, बैलाले चार. आनं सात रुपये देऊन तीन पाय घेऊन राह्यला तू? पुंज्या, सातात चार पाय दे."

पुंजाजीने थोडा विचार केला. बाभळीचा एक दांडा त्याच्याकडे तसाही पडून होता. "पाटलाच्या शब्दाखातर," तो म्हणाला, "चौथा पाय फुकट."

फुकट मिळालेली वस्तू नको म्हणण्याची हिंमत किन्हीराजात अजून कोणी केली नव्हती. तीही पाटलांनी घासाघीस करून मिळवून दिलेली. इंद्रभानने सात रुपये मोजून दिले.

आता ज्याने शाळेतल्या डुगडुगत्या बाकावर बसून कधी सरळ रेघ ओढायचा प्रयत्न केला असेल, त्याला पुढचं सांगायला नको. ज्याने केला नसेल त्याच्यासाठी सांगतो. तीन पायांची वस्तू दगडधोंड्यांतही ठेवली तरी तिचे तिन्ही पाय टेकतात. जमीन कशीही असो, तीन पाय आपसांत जुळवून घेतात. चौथा आला की कोणीतरी एक रुसून अधांतरी राहतो. त्याच्याखाली चिपटी सारावी तर दुसरा रुसतो. घरातल्या फरशीवर हे चालून जातं, कारण फरशी सपाट असते. आपल्या अंगणांना मात्र तशी सवय नाही.

पुंजाजीचा स्टँड दिसायला भक्कम होता. बैलाने लाथ मारली असती तरी बैलच लंगडला असता. पण अंगणात ठेवला की टक्‌ करून एका पायावर जायचा आणि टुक्‌ करून दुसऱ्यावर. दुसरी प्लेट त्या टक्‌ आणि टुक्‌च्या मधे सापडली. या वेळी पोराला दोनच डोकी आली. पाटील म्हणाले, सुधारणा आहे.

"चौथा पाय कापून टाका ना जी," रुख्मिणीने सुचवलं.

"चौकाचे पाय हायेत. एक कापला का सारा स्टँड त्याच बाजूनं पडते."

"म्हंजे फुकटाचा ठेवला तरी बुडवते आनं काढला तरी पाडते," ती म्हणाली आणि तिने त्या स्टँडवर मिरच्या वाळत घातल्या. मिरच्यांना टक्‌टुक्‌ची काही अडचण नव्हती.

दोन रुपये उरले. एक प्लेट उरली. माघ निम्म्याहून अधिक सरला. आणि पाटलांचं बोलावणं आलं.

पाटील गादीवर बसले होते, पायांत बूट होते. "पाह्य इंद्रभान," ते न्यायनिवाडा करायच्या आवाजात म्हणाले, "तीन काचा होत्या. दोन त्या धनीच्या नातवाले देल्या. मी काही बोललो? नाही बोललो. आता तिसरी मायी. दारात खुर्ची टाकू, पायावर पाय ठेवतो, बूट सामने येऊ दे. स्टँडचं तू पाह्य."

"पाटील, त्या पोराचा बाप..."

"बाप लढाईवर हाय, माहीत हाय मले. लढाईवर मानसाले धीर पायजे. धीर धरंन तो."

तिथे उभं राहून काही होणार नव्हतं. इंद्रभान धनीबाईला सांगायला निघाला. ती आणि बेबीबाई पाटलांच्याच खळ्यावर उफणणीला जात होत्या. वाटेत तो वाक्यं जुळवत होता, आणि एकही जुळत नव्हतं.

गावाबाहेर, शेणाने सारवलेल्या त्या गोल खळ्यात ज्वारीची रास पडलेली होती. मधोमध लाकडी तिवई होती, छातीएवढी उंच. तिवई म्हणजे वर एक जाड फळी आणि खाली बाहेरच्या बाजूला फाकलेले तीन पाय. तिच्यावर सोमला नावाचा गडी उभा होता. धनीबाई खालून भरलेली टोपली वर द्यायची, सोमला ती डोक्यावर उचलून वाऱ्यावर ओतायचा, भुसा उडून जायचा आणि दाणे खाली पडायचे. वाऱ्याचा झोत आला की सोमला कमरेत झुकायचा, टोपली बदलायची, धोतर फडफडायचं. हलत नव्हती ती फक्त तिवई.

इंद्रभान जोडे बाहेर काढून खळ्यात गेला. त्याने तिवईचा एक पाय धरून हलवून पाहिला, सोमलासकट.

"काय करून राह्यला बे?" वरून सोमला म्हणाला. "पाडतं काय मले?"

"हालत नाही," इंद्रभान म्हणाला.

"हालाले पायजे काय?"

धनीबाई रिकामी टोपली घेऊन उभी होती. "फोटोचं काय झालं?" तिने विचारलं.

इंद्रभानने तिला तिसऱ्या प्लेटचं सांगितलं, पाटलांच्याच शब्दांत. तिने टोपली भरली, वर दिली, आणि मग म्हणाली, "होळीले किती दिवस हायेत?"

"बावीस."

"टपालाले पंधरा तर जातेच." आणि ती परत खाली वाकली.

दुपारी इंद्रभान पाटलांकडे गेला. फोटोसाठी खळ्यावरची तिवई दारात आणू द्या, असं त्याने नम्रपणे विचारलं. पाटील एकदम ताठ झाले.

"रास उचलल्याबिगर तिवई खयाभाईर? लक्षुमी चालली जाते. तुह्या बापानं तरी असं इचारलं असतं काय?"

"रास कवा उचलतान?"

"वाऱ्याचा भरोसा नाही. पंधरा दिवस तरी."

"मंग त काच खराब होते, पाटील. जुनी हाय. उन्हं तापली का गेली." यात निम्मं खरं होतं. "नाहीतर असं करू. तिवई येत नाही, त तुमी तिवईपाशी चला. मांगं रास, सामने तुमी."

पाटलांना हे पटलं. मागे स्वतःची रास आणि पुढे स्वतःचे बूट, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. इंद्रभान मान खाली घालून उभा होता. त्याच्या तोंडावर काय होतं ते पाटलांना दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा अजिबात नव्हता आणि ऊन स्वच्छ पडलं होतं. इंद्रभानने तिवईच्या फळीवर कॅमेरा ठेवला, सुती दोराने चौफेर आवळला आणि तिच्यामागे उभं राहून काळं फडकं डोक्यावर घेतलं. जमीन ओबडधोबड होती. तिन्ही पाय टेकले होते.

पाटील आले. पांढरा फेटा, लांब कोट आणि तांबडे बूट. मागून गडी खुर्ची घेऊन येत होता. पाटलांनी खळ्याच्या कडेवर पाय ठेवायला उचलला, आणि सगळी कामं थांबली. सोमलाने टोपली खाली ठेवली. बेबीबाईने पदर पुढे ओढला. सगळे बुटांकडे पाहत होते, म्हणजे पाटलांना जे हवं होतं नेमकं तेच घडत होतं.

"काय झालं?" पाटील म्हणाले.

"काही नाही जी," धनीबाई म्हणाली. "परवाच्या दिशी या सोमलाले तुमीच हाकलला ना खयाभाईर. जोडे घालून आत आला म्हून."

पाटलांचा पाय हवेत राहिला. ते इंद्रभानकडे वळले. इंद्रभान दोराची गाठ तपासत होता. आधीच पक्की असलेली गाठ तो फार काळजीने तपासत होता.

"भाईरच बसतो मी," पाटील म्हणाले. "कडेले."

"कोपऱ्यात जाता तुमी मंग, पाटील. आनं कॅमेरा त राशीकडं तोंड करून हाय. तिवई फिरवू काय?"

रास पडलेली असताना मांडलेली तिवई फिरवणंही अशुभ, त्याला पाटलांचा धीर झाला नाही. ते खाली बसले, नाड्या सोडल्या, दोन्ही बूट कडेबाहेर शेजारी शेजारी ठेवले आणि अनवाणी खळ्यात आले. खुर्चीवर बसले. पायावर पाय टाकला. मग त्यांना वर असलेलं ते पाऊल दिसलं, भेगाळलेलं, अंगठ्याचं नख काळं. त्यांनी पाय खाली घेतला. दुसरा वर टाकून पाहिला. तोही त्याच घरातला होता.

"नाही," पाटील उठले. "असा फोटो दिवानखान्यात कसा लावाव? लोकं म्हनतीन, पाटलाले वाहानं नाहीत."

"मंग आज राहू द्या," इंद्रभान म्हणाला. "काच जाईन वाया, पन इलाज नाही."

वाया हा शब्द पाटलांना लागला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांची नजर राशीवर गेली.

"राशीचा काढ," ते म्हणाले. "मायी रास. कोनाची हाय एवढी, या शिवारात? खाली नाव टाकू."

"काढतो ना जी." इंद्रभान काळ्या फडक्यात शिरला आणि आतून त्याचा आवाज आला. "पन पाटील, फोटोत राशीचा अंदाज येत नाही. बोराएवढी दिसंन. सामने काहीतरी लहान ठेवा लागते. मंग ती डोंगरावानी दिसते."

"टोपली ठेव."

"टोपली मोठी होते. याहून बी लहान पायजे."

पाटील विचारात पडले. धनीबाईने मात्र विचार केला नाही. कडेच्या बाभळीला बांधलेल्या झोळीतून तिने पोर उचललं. ते नुकतंच दूध पिऊन झोपलं होतं. तिने एक सूप पुसून त्यात चिंधी अंथरली, पोराला त्यात निजवलं आणि सूप राशीच्या पायथ्याशी ठेवलं, तोंड कॅमेऱ्याकडे करून.

"हे घ्या," ती म्हणाली. "याहून लहान गावात नाही."

पाटील दोन पावलं मागे सरून पाहू लागले. रास खरंच वाढल्यासारखी वाटत होती. "अजून जवय घे," ते म्हणाले. "चेहरा दिसू दे त्याचा. म्हंजे लोकायले समजंन, ते लेकरू हाय म्हून."

"हौ," इंद्रभान म्हणाला. "बेबीवैनी, तुमी बी बसा बाजूनं. वजन येते फोटोले."

त्याने प्लेट सरकवली आणि टोपीला हात लावला. खळ्यावर माप सुरू होताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि माप चालू असेपर्यंत कोणी हलत नाही की बोलत नाही. इंद्रभानने टोपी काढली.

"लाभ," तो म्हणाला.

सोमला जागच्या जागी थिजला. पाटील हात जोडून उभे राहिले. धनीबाईने श्वास धरला.

"दोन. तीन."

टोपी लागली. सुपातल्या पोराने मग जांभई दिली.

त्याच दुपारी गोधड्या लावलेल्या कोठीत इंद्रभानने प्लेट धुतली आणि ओलीच घेऊन दारात आला. रुख्मिणीने ती त्याच्या हातून घेऊन उजेडात धरली. काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसत होतं, पण डोकं एकच होतं.

"किती डोकी?" त्याने उगीच विचारलं.

"मोजून राह्यली ना," ती म्हणाली. मग म्हणाली, "एकच हाय जी. पापन्या बी दिसतात."

त्या काचेवरून त्याने दोन फोटो छापले. एक उरलेल्या दोन रुपयांतून रजिस्टर करून प्रेमसिंगच्या पत्त्यावर गेला, होळीच्या अठरा दिवस आधी. दुसरा पाटलांकडे गेला. पाटलांनी त्याला चौकट करून दिवाणखान्यात लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उभं करून दाखवू लागले. लेकरू कोणाचं, हे कोणी विचारलंच तर ते म्हणत, "ते अंदाजासाठी हाय." फोटोच्या एका कोपऱ्यात, खळ्याच्या कडेबाहेर, दोन बूट शेजारी शेजारी उभे होते, अगदी स्पष्ट, नाड्यांसकट. फक्त त्यांत पाटील नव्हते.

तिवई रास उचलेपर्यंत खळ्यावरच राहिली. ती उचलली त्या दिवशी इंद्रभान पुंजाजीकडे गेला आणि म्हणाला, तशीच एक मला कर, सावकाश, जमेल तेव्हा. पुंजाजीने पैसे विचारले नाहीत. बाभळीचे तीन दांडे त्याने इंद्रभानच्याच घरून उचलले, मिरच्या खाली ओतून. चौथा त्याने आपला म्हणून परत नेला.

होळीनंतर वीसेक दिवसांनी धनीबाई पत्र घेऊन आली. या वेळी ती पहिल्यांदा इंद्रभानकडेच आली होती.

त्याने वाचलं: "फोटो मिळाला. बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी. नाक माझं आहे, कपाळ त्याच्या आईचं आहे. साऱ्या पलटणीने पाहिला. सुभेदारसाहेब म्हणाले, एवढी जवारी कोणाची? मी म्हटलं, सुपात निजला आहे त्याची."

धनीबाईने तेवढं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मग पत्राची घडी करून ओच्यात खोचली.

"पाटलाले दाखवू काय हे?" इंद्रभानने विचारलं.

"त्याह्यले कायले?" ती म्हणाली. "त्याह्यचे बूट आले ना फोटोत."